ओढून नेलेलं मळणी यंत्र : नुकसानीची साक्ष कशी द्यावी

वाटणीच्या भांडणात माझं मळणी यंत्र ऐन सुगीत ओढून नेलं. कोर्टात नुसतं "लाखाचं नुकसान झालं" म्हणून भागत नाही. सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायची पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते, त्यातच हिशोब मांडा. यंत्राची किंमत वेगळी, बुडालेलं भाडं वेगळं. भाड्यातून डिझेल, मजुरी आधीच वजा करा, नाहीतर समोरच्या वकिलाच्या उलटतपासात अडकाल. मला तारलं ते तेलाचे डाग पडलेल्या वहीनं : कुणाच्या खळ्यावर किती पोती निघाली, त्याच रात्री लिहिलेलं. मूळ वहीच न्या, झेरॉक्सवर विसंबू नका. आठवत नसेल तर तसं सांगा, आकडा ठोकून देऊ नका. वस्तू परत मिळाली नाही तर किती रक्कम हवी, तेही दाव्यात मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 10 प्रमाणे ती हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशात, लिहावी लागते.