घोड्यांची जुनी मासिकं चाळताना

ऑक्टोबरचं ऊन पडलं की मी माळ्यावरची पेटी खाली काढते. तिच्यात शोभेचे छोटे प्लास्टिकचे घोडे जमवणाऱ्यांसाठीची जुनी मासिकं आहेत. दादरच्या दमट हवेत आधी गंजतात त्या मासिकांच्या पिना. नखाने ओढू नका. आतल्या बाजूने पिनेचे पाय सरळ करा, चिमट्याने काढा आणि जागी दोरा ओवा. सेलोटेप तर नकोच. माझ्या एका मुखपृष्ठावरच्या अबलख घोड्याचा कान तिच्यापायीच गेला.

वाचायला शेवटून सुरुवात करा. लेख गोड असतात, पण खरा माल छोट्या जाहिरातींत. कोणता साचा, कोणत्या रंगात, केवढ्याला, सगळं तिथे सापडतं. तेव्हा स्पर्धाही टपालाने व्हायच्या: घोडा घरी, फोटो परीक्षकाकडे! छापील रंगावर मात्र विसंबू नका, तांबडा घोडा हमखास नारिंगी दिसतो. साचा ताडायला कान, शेपटी, उचललेला पाय बघा. असे घोडे बनवणाऱ्या ब्रेयर या अमेरिकी कंपनीचा पहिला घोडा १९५०चा, तोही घड्याळासाठी बनलेला. तिथपासून वहीत सालवार नोंदी करा.

आणि हो, मासिकं घोड्यांच्याच कपाटात कोंबू नका. जुने ब्रेयर घोडे सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे. ते बिघडू लागले की व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि त्या आम्लाने कागदही जातो. माझी मासिकं सध्या साड्यांच्या कपाटात आहेत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.