सराव भरपूर, तयारी कच्ची: या चुका टाळा

सरावात झकास वेळ नोंदवणारा खेळाडू स्पर्धेत ढेपाळला की 'दडपण आलं' म्हणून विषय संपवला जातो. मला ते पटत नाही. बहुतेकदा घोळ आधीच झालेला असतो, आणि त्यात प्रशिक्षकाचाही वाटा असतो.

वेळापत्रक एकदाच पाहणं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन १०० मीटरचे दावेदार होते. प्रशिक्षक स्टॅन राइट यांच्या हातात मात्र जुनं वेळापत्रक होतं. आपली उपांत्यपूर्व फेरी सुरू झाल्याचं त्यांना टीव्हीवर दिसलं! दोघेही त्या फेरीत धावायच्या आधीच बाद. तिसरा अमेरिकन धावपटू, रॉबर्ट टेलर, कसाबसा पोहोचला आणि त्याने पुढे रौप्य मिळवलं. इतकी वर्षं घाम गाळून असं व्हावं, याची हळहळ आजही वाटते. ताजं वेळापत्रक आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा आयोजकांकडून तपासा. खेळाडूनेही ते स्वतः वाचावं.

पाय जड वाटतायत? भीतीपोटी शेवटच्या दिवसांत वाढवलेला सराव आठवा. धावणं, पोहणं, सायकलिंग अशा खेळांत मोठ्या स्पर्धेआधी साधारण दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४० ते ६० टक्के कमी करतात. वेग मात्र तोच ठेवतात. पूर्ण आराम केला तर अंग सुस्तावतं.

ऐन दिवशी नवे बूट, नवं एनर्जी जेल. फोड आणि पोटदुखी ठरलेली. स्पाइक्सची (खिळ्यांच्या बुटांची) लेस नेमकी कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना जमवतात त्या खोलीत, तुटते; म्हणून लेसची जास्तीची जोडी बॅगेत हवीच.

वॉर्म-अप फार लवकर उरकणं. ताटकळत बसलं की अंग पुन्हा थंड पडतं. कॉल रूमच्या वेळेपासून उलटं मोजत वॉर्म-अपची वेळ ठरवा.

सगळं सुरळीतच होईल असं धरून चालणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, भिंत दिसेना. तो किती हात मारले ते मोजत पोहला आणि १:५२.०३ असा विश्वविक्रम करून जिंकला. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी पूर्वी एकदा शर्यतीआधी मुद्दाम त्याच्या गॉगलवर पाय दिला होता. त्यामुळे गॉगलमध्ये पाणी शिरलेलं असताना पोहायची वेळ त्याच्यावर आधीच येऊन गेली होती.

तुम्हीही आठवड्यातून एक सराव असा बिघडवा: वॉर्म-अपची वेळ निम्मी करा, क्रम ऐनवेळी बदला. मग खेळाडूला विचारा, "आता काय करशील?" आणि उत्तर त्यालाच शोधू द्या.