उंदराच्या मेंदूतलं डोपामिन नॅनोपार्टिकलनेच वाढलं का? पेपर वाचताना काय बघायचं

एमएस्सी झूऑलॉजीवाल्यांनो, सेमिनारसाठी हा विषय घेतला असेल तर हे आधी वाचा. उंदराला शिस्टोसोमा मॅन्सोनी या जंताचं इन्फेक्शन द्यायचं, मग सोन्याचे नाहीतर सेलेनियमचे नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म कण) द्यायचे आणि मेंदूतलं डोपामिन, सेरोटोनिन (मेंदूच्या पेशींमधले निरोप पोचवणारी रसायनं) मोजायचं, अशा धर्तीचे पेपर रियाधच्या किंग सौद युनिव्हर्सिटीतून आलेत. (आपल्याकडे रत्नागिरीतल्या गिम्वी गावात याच जंताच्या भावकीतलं इन्फेक्शन माणसांत सापडल्याची १९५२ ची नोंद आहे, त्यामुळे विषय अगदीच परका नाही.)

ग्राफ नंतर बघा, आधी ग्रुप मोजा. हेल्दी, इन्फेक्टेड आणि इन्फेक्टेड अधिक पार्टिकल एवढ्यावर भागत नाही, हेल्दी उंदराला नुसते पार्टिकल दिलेला ग्रुपही पाहिजेच, नाहीतर ते स्वतःच मेंदूत काही उलथापालथ करतात का हे कळणार कसं? प्राझिक्वांटेल या जंतावरच्या औषधाचा ग्रुप असेल तर फारच छान, नेहमीच्या औषधाने जंत मेल्यावर मेंदू किती सावरतो ते समोर दिसतं.

आता खरा मुद्दा. हा जंत राहतो आतड्याच्या शिरांमध्ये, त्याची बरीच अंडी लिव्हरमध्ये जाऊन अडकतात, तिथे सूज येते, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंचा ताण) वाढतो आणि त्याची झळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. म्हणजे पार्टिकल मेंदूत न शिरताही, नुसतं लिव्हर सावरल्यानेसुद्धा डोपामिन जाग्यावर येऊ शकतं. म्हणून जंतांची संख्या, लिव्हरचे रिपोर्ट, मेंदूतलं ग्लुटाथायोन (हा ताण झेलणारं पेशीतलं रसायन) हे सगळं शेजारी ठेवून वाचा, आणि पार्टिकल मेंदूत पोचले असं कोणी लिहिलं असेल तर मेंदूतलं सोनं आयसीपी-एमएसने (अगदी कणभर धातूही मोजणाऱ्या यंत्राने) मोजलंय का ते शोधा, नसेल मोजलं तर तो फक्त अंदाज धरा.

मेथड्स वगळू नका प्लीज. उंदराचा मेंदू जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि प्राणी मेल्यावरही एन्झाइम चालूच राहतात आणि ही रसायनं बदलत राहतात, त्यामुळे मेंदू पटकन काढून बर्फावर ठेवला का, लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवला का, उणे ८० ला ठेवला का, परक्लोरिक ॲसिडसारख्या कशात वाटला का, हे सगळं बघा. एका ग्रुपचे मेंदू दोन मिनिटांत काढले आणि दुसऱ्याचे दहा मिनिटं टेबलावर राहिले तर ग्राफमधला फरक त्या उशिराचाही असू शकतो. आणि अख्खा मेंदू एकत्र वाटला असेल तर डोपामिन नेमकं स्ट्रायटममध्ये (मेंदूतला डोपामिन भरपूर असलेला भाग) बदललं की दुसरीकडे, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही, सेमिनारमध्ये तसं ठोकून देऊ नका.