बॉयलरच्या सॉफ्टनरचं रीजनरेशन

कुपवाड-मिरजेकडच्या बोअरचं पाणी बरेचदा जड निघतं. तेच सरळ बॉयलरला दिलं तर ट्यूबांत खपली धरते. म्हणून वाटेत सॉफ्टनर लावतात: रेझिनच्या बारीक मण्यांचा थर भरलेली टाकी, हे मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात. हार्डनेस (पाण्याचा जडपणा) ५०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल, तर १०० लिटर रेझिन साधारण १०,००० लिटर पाणी मऊ करून थकतं. मग रीजनरेशन करायचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करायचं.

आधी १०-१५ मिनिटं बॅकवॉश, म्हणजे खालून वर उलटं पाणी. थर फुलून गाळ निघायला हवा, पण मणी वाहून जाऊ देऊ नका; ड्रेनचं पाणी पांढऱ्या बादलीत धरा, मणी दिसले की व्हॉल्व्ह आवळा. नंतर १५ किलो स्वच्छ जाडं मीठ १३५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून, अर्ध्या तासात रेझिनमधून सावकाश सोडा. इथेच घाई नडते: मिठाचं पाणी भरकन गेलं तर कॅल्शियम नीट सुटत नाही, मीठ मात्र फुकट जातं. त्याच वेगाने १५०-२०० लिटर साधं पाणी सोडा, मग जोरात धुवा.

बाहेर येणाऱ्या पाण्याच्या नमुन्यात बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि एरिओक्रोम ब्लॅक टी (जडपणा रंगाने दाखवणारं रसायन) टाका. निळा रंग आला तरच पाणी बॉयलरला; वाइनसारखा लाल आला तर अजून धुवा.

मणी तांबूस दिसू लागले तर लोह चिकटलंय. त्याला नुसतं मीठ पुरत नाही.