फायबरवर गेल्यावर ट्रॅफिकचा ग्राफ खोटा दिसतोय?

१०० एमबीपीएसचे जुने स्विच काढून गिगाबिट फायबर टाकलं, आणि आता ऐन कामाच्या वेळी मॉनिटरिंगमध्ये लिंक जवळजवळ रिकामी दिसते? लगेच केबल आणि एसएफपी (फायबर जोडायचं मॉड्यूल) बदलत बसू नका. आधी काउंटर, म्हणजे स्विचच्या पोर्टवरून गेलेल्या बाइट्सची मोजणी, बघा.

भरून वाहणाऱ्या १ जीबीपीएस लिंकवर ३२ बिटचा काउंटर साधारण ३४ सेकंदांत पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसवर त्याला जवळपास पावणेसहा मिनिटं लागायची, म्हणून ५ मिनिटांचं पोलिंग (सॉफ्टवेअरने ठरावीक वेळाने काउंटर वाचणं) आजवर निभावलं. आता तेवढ्या वेळात तो कित्येकदा फिरतो, आणि ग्राफ कमी दाखवतो.

१. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या स्विचचं एसएनएमपी (काउंटर वाचायचा प्रोटोकॉल) व्हर्जन १ असेल तर २सी किंवा ३ करा. १ मध्ये ६४ बिटचे काउंटर मिळतच नाहीत.
२. ग्राफला 'इफइनऑक्टेट्स' (ifInOctets, आत येणाऱ्या बाइट्सचा ३२ बिटचा काउंटर) ऐवजी 'इफएचसीइनऑक्टेट्स' (ifHCInOctets, तोच ६४ बिटचा) लावा. आउटचंही तसंच; ते हमखास राहून जातं.
३. स्विचच्या सीएलआयवरचा (कमांड लाइनवरचा) इनपुट रेट आणि ग्राफ शेजारी ठेवून ताडून पाहा.

पोलिंग ३० सेकंदांवर आणणं हा नुसता जुगाड. १० जीबीपीएसवर तोही कोलमडतो.

जपून: २सीची कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) नेटवर्कवर उघडीच जाते. 'पब्लिक' ही डिफॉल्ट स्ट्रिंग तशीच ठेवू नका, आणि एसीएलमध्ये (कोणाला प्रवेश द्यायचा त्या यादीत) फक्त मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी टाका.