एका हाताने ब्राउझर वापरताना या चुका टाळा

अर्धांगवायूनंतर वडिलांचा उजवा हात पूर्वीसारखा चालेना, तेव्हा आम्ही घरच्यांनी पहिली चूक केली ती अशी की, डाव्या हाताला माऊसची सवय लावण्यात दोन महिने घालवले. थरथरणाऱ्या हाताने बारीकशा लिंकवर बाण नेऊन स्थिर ठेवणे हेच सर्वांत कष्टाचे काम असते आणि ब्राउझरमध्ये ते बहुतेक वेळा टाळता येते. टॅब दाबल्यावर पुढची लिंक किंवा बटण निवडले जाते, शिफ्टसह टॅब दाबल्यावर मागचे, आणि एंटर दाबल्यावर निवडलेली लिंक उघडते. कंट्रोल आणि एल दाबून थेट पत्त्याच्या चौकटीत जाता येते, तर स्पेसबारने पान खाली सरकते. म्हणून नवे उपकरण विकत घेण्याआधी निदान आठवडाभर केवळ कीबोर्डवर काम करून पाहावे. मॅकवरील सफारीत टॅब दाबूनही लिंक निवडली जात नसेल, तर कीबोर्ड बिघडला असे समजू नये. तेथे ऑप्शनसह टॅब दाबावे लागते किंवा सफारीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ही सोय एकदा सुरू करावी लागते.

एका हाताने दोन कळा एकदम दाबता येत नाहीत, यावर विंडोजमधील ‘स्टिकी कीज’ हा उत्तम उपाय आहे. शिफ्ट पाच वेळा दाबून तो सुरू करता येतो आणि मग आधी कंट्रोल, नंतर एल, अशा कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत मराठी लिहिणाऱ्याला तर त्याची गरज पदोपदी भासते, कारण ‘क’ साध्या कळेवर असला तरी ‘ख’साठी शिफ्ट लागते. अडचण येते ती पुढे. एकदा वडिलांनी हाक मारली, ‘‘अरे, काहीही उघडलं की नव्या टॅबमध्येच जातंय, बघ जरा.’’ मी आधी ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केला, त्याने काहीच फरक पडला नाही. घडले होते ते इतकेच की, बोट थरथरल्यामुळे कंट्रोल लागोपाठ दोनदा दाबली गेली होती आणि स्टिकी कीजमध्ये दोनदा दाबलेली कंट्रोलसारखी कळ तिसऱ्यांदा दाबेपर्यंत अडकून राहते, आणि कंट्रोल दाबलेली असली की लिंक नव्या टॅबमध्ये उघडते. अशा वेळी प्रथम ती कळ पुन्हा एकदा दाबून पाहावी.

दुसरा घोटाळा मदतीला आलेल्या माणसाकडून होतो. दोन कळा एकदम दाबल्यास स्टिकी कीज बंद व्हावे, असा एक पर्याय त्याच सेटिंगमध्ये असतो. तो चालू असेल, तर घरातल्या कोणी सवयीने कंट्रोल आणि सी एकत्र दाबताच ती सोय बंद होते, आणि नंतर कीबोर्डवर बसणाऱ्या व्यक्तीला आपलाच हात आज साथ देत नाही असे वाटत राहते. हा पर्याय आवर्जून बंद ठेवावा. माझ्या मते या लेखातली सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे.

एकच अक्षर तीन-चारदा उमटत असेल, तर विंडोजमधील ‘फिल्टर कीज’ ही सोय वापरावी, मात्र कळ दाबून ठेवण्याचा अवधी थोडा-थोडा वाढवत न्यावा. तो एकदम मोठा ठेवला, की हलके दाबलेली कोणतीच कळ उमटत नाही आणि कीबोर्ड बंद पडल्यासारखा वाटतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली तरी हीच सोय सुरू करण्याची विचारणा होते, त्यामुळे त्या कळेवर हात टेकवून बसू नये.

मराठी वाचकांना हमखास नडणारी चूक वेगळीच आहे. फायरफॉक्समध्ये तिरक्या रेघेची (/) कळ दाबून पानातला शब्द लगेच शोधता येतो, पण इनस्क्रिप्ट चालू असताना त्या कळेवर ‘य’ असतो, त्यामुळे शोधपट्टी उघडत नाही. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलली तरी ही झटपट पट्टी काही सेकंदांत आपोआप मिटते, आणि सावकाश टाइप करणाऱ्याचा शब्द अर्धवटच राहतो. त्यापेक्षा कंट्रोल आणि एफ वापरावे. ती पट्टी आपण बंद करेपर्यंत राहते. लिंकमधला शब्द सापडला की एस्केप दाबावे आणि मग एंटर, की ती लिंक उघडते. क्रोममध्येही हेच चालते.

बाणांच्या कळांनी पान सरकण्याऐवजी मजकुरात कर्सर फिरू लागला, तर एफ७ चुकून दाबली गेली आहे. तीच पुन्हा दाबावी. बटणे फार लहान वाटली, तर कंट्रोल आणि अधिक चिन्हाने पान मोठे करावे.

हे सारे करूनही टॅब एखाद्या बटणावर पोहोचतच नसेल, तर मात्र दोष संकेतस्थळाचा आहे. कीबोर्डने सर्व कामे करता आली पाहिजेत, हा वेबच्या सुगम्यता निकषांतला मूलभूत नियम आहे, आणि त्या निकषांच्या ऑक्टोबर २०२३ मधील २.२ आवृत्तीने बटणांसाठी, काही अपवाद वगळता, किमान २४ × २४ पिक्सेल हे मापही घालून दिले. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. तेव्हा तक्रार संकोच न करता करावी. मात्र ‘साइट चालत नाही’ एवढेच न लिहिता कोणते पान, कोणते बटण आणि कोणती कळ दाबल्यावर काय झाले, हे क्रमाने लिहावे.