परदेशी निकालाच्या आधारे स्पर्धा आयोगाकडे तक्रार कशी न्यावी

युरोपात एखाद्या बड्या डिजिटल प्लॅटफॉर्मला दंड झाला, तर त्याच वागणुकीबद्दल भारतातही दाद मागता येते. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३२ नुसार कंपनी परदेशातली असो वा करार परदेशात झालेला असो, परिणाम भारतातल्या बाजारावर होत असेल तर भारतीय स्पर्धा आयोग चौकशी करू शकतो. अर्ज फसतो तो बहुतेकदा एकाच कारणाने. त्यात परदेशी निकालाची पानंच्या पानं असतात आणि भारतातल्या नुकसानीबद्दल जेमतेम दोन परिच्छेद.

आधी तक्रार कुठल्या दारात न्यायची ते ठरवा. रिफंड अडकला, खराब माल आला, तर ते ग्राहक आयोगाचं काम. स्पर्धा आयोगाकडे जायचं ते प्लॅटफॉर्मच्या अटींमुळे बाजारच आवळला जात असेल तर: पेमेंटची सक्ती, स्वतःच्या मालाला वरचं स्थान, प्रतिस्पर्ध्याचं ॲप बसवू न देणं. प्रथमदर्शनी काही आढळलं नाही, तर आयोग कलम २६(२) खाली प्रकरण बंद करतो.

कायद्यात या अर्जाला ‘माहिती’ म्हणतात आणि ती कोणीही देऊ शकतं. स्वतःचं नुकसान झालेलं असलंच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ओला-उबर प्रकरणात स्पष्ट केलं. व्यक्ती, ग्राहक संघटना, सहकारी संस्था यांना शुल्क ५,००० रुपये; कंपन्यांना उलाढालीप्रमाणे जास्त. भरण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरचा चालू दर पाहा. २०२३ च्या दुरुस्तीपासून तीन वर्षांची मुदत आहे. ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, परदेशी निकालाच्या तारखेपासून नव्हे. निकालाची वाट बघत बसलात तर मुदत निघून जाते आणि उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं.

परदेशी निकाल वाचताना प्रसिद्धिपत्रकावर थांबू नका. प्रकरण क्रमांकाने शोधून निकालाची सार्वजनिक प्रत काढा. गूगल अँड्रॉइडचा युरोपीय क्रमांक एटी.४००९९ आहे. या प्रतीत व्यापारी गुपितं गाळून त्या जागी चौकटी कंस ठेवलेले असतात. तिथले आकडे वर्तमानपत्री अंदाजाने भरू नका. तीन गोष्टी टिपा: बाजारपेठ कशी आखली, कोणतं वर्तन चुकीचं ठरलं, आणि परिणाम कशाने सिद्ध केला.

हेच प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. जुलै २०१८ मध्ये युरोपियन कमिशनने (युरोपीय संघाची स्पर्धा कायदा राबवणारी यंत्रणा) गूगलला ४.३४ अब्ज युरो दंड केला. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या आयोगाने महासंचालकांना, म्हणजे आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना, चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. युरोपने परवान्यावर मिळणाऱ्या मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिमची बाजारपेठ ‘चीन वगळता सारं जग’ अशी धरली होती. आपल्या आयोगाने ती ‘भारत’ अशी धरली. एवढा फरक झाला की बाजारहिश्शाचे आकडे, फोन कंपन्यांची यादी, सगळं नव्याने जमवावं लागतं. तरीही अपिलात गूगलचा एक मोठा आक्षेप होता की चौकशी अहवालात युरोपच्या निकालातला मजकूर जसाच्या तसा उचलला आहे. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाने गूगलला दिलेल्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले आणि कलम ४ खाली बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर ठरवायला प्रत्यक्ष परिणामाचं विश्लेषण लागतं असंही सांगितलं. तुमच्या अर्जातही उचललेला मजकूर समोरचा वकील सर्वात आधी शोधेल.

दुसरी गफलत युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टची, म्हणजे बड्या प्लॅटफॉर्मवर आधीच बंधनं घालणाऱ्या कायद्याची. तिथे ‘गेटकीपर’ (ज्याला ही बंधनं लागू होतात तो प्लॅटफॉर्म) ठरतो तो मुख्यतः आकड्यांवर: ७.५ अब्ज युरो वार्षिक उलाढाल किंवा ७५ अब्ज युरो बाजारमूल्य, शिवाय युरोपात महिन्याला साडेचार कोटी सक्रिय वापरकर्ते आणि वर्षाला १०,००० व्यावसायिक वापरकर्ते. त्यात वर्चस्व सिद्ध करावं लागत नाही. आपल्या कलम ४ मध्ये ते लागतंच. आपल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा २०२४ चा मसुदा म्हणजे कायदा नव्हे, त्यावर मागणी बेतू नका.

पण युरोपच्या त्या कायद्यातून एक उत्तम पुरावा मिळतो. मार्च २०२४ पासून ॲपलने युरोपात आयफोनवर इतर ॲप स्टोअरना वाट दिली. जी सोय तिथे दिली आणि इथे नाही, तिचे दोन्हीकडचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावा. तारीख, फोनचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही’ हा बचाव त्याने लंगडा पडतो. सोबत प्लॅटफॉर्मने कापलेल्या कमिशनची बिलं, ॲप नाकारल्याचे ईमेल आणि अटी बदलल्या त्या प्रत्येक तारखेची प्रत जोडा.

आता सहकार्याबद्दल. कलम १८ खाली आयोगाने परदेशी यंत्रणांशी सामंजस्य करार केले आहेत: अमेरिकेशी २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि युरोपियन कमिशनशी २०१३ मध्ये. यातून यंत्रणा अनुभव, विश्लेषणाची पद्धत, उपाययोजनेचा विचार एकमेकींना सांगतात. तिथल्या फायलीतली गोपनीय कागदपत्रं मात्र यातून मिळत नाहीत. त्यासाठी सहसा ज्याची माहिती आहे त्याचीच लेखी संमती लागते. विलीनीकरणात घाईमुळे कंपन्या ती देतात, गैरवापराच्या चौकशीत क्वचितच. म्हणून ‘युरोपकडून पुरावे मागवा’ अशी मोघम मागणी करू नका. कोणत्या यंत्रणेने, कोणत्या क्रमांकाखाली, काय ठरवलं आणि कोणत्या मुद्द्यावर आयोगाने सल्लामसलत करावी, ते नेमकं लिहा. तिथे तुम्ही स्वतः जबाब दिला असेल, तर तुमच्या माहितीपुरती संमती तुम्हीच आधी देऊन ठेवा. ही वाट बऱ्याच जणांना सुचतच नाही.

स्वतःच्या आकड्यांबाबत सावध राहा. अर्जाच्या दोन प्रती करा, एक पूर्ण आणि एक गुपितं झाकलेली, आणि प्रत्येक झाकलेल्या ओळीचं कारण द्या. प्लॅटफॉर्म सूड उगवेल अशी भीती असेल तर नाव गोपनीय ठेवण्याची विनंती सुरुवातीलाच करा.

चौकशीला वर्षं लागतात. तोवर धंदा बुडेल अशी स्थिती असेल तर कलम ३३ खाली अंतरिम आदेश मागा. मध्येच कंपनी तडजोडीला आली (अँड्रॉइड टीव्ही प्रकरणात गूगलने २०२५ मध्ये २०.२४ कोटी रुपयांवर तडजोड केली) तर तिच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या जातात. ती मुदत चुकवू नका.

पुण्या-मुंबईतल्या ज्या कंपन्यांच्या ॲपला युरोपात ग्राहक आहेत, त्यांना आणखी एक दार उघडं आहे. डिजिटल मार्केट्स ॲक्टच्या कलम २७ नुसार कोणताही त्रयस्थ युरोपियन कमिशनला थेट कळवू शकतो. दोन्हीकडे अर्ज करणार असाल, तर तारखा, आकडे आणि घटनाक्रम तंतोतंत जुळवून घ्या.